नावाच्या रकान्यात नाना

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक नाना होते. ते एकाच वेळी अमळनेरजवळ, शिरपूरच्या रस्त्यावर आणि साक्रीच्या बाजूला राहत. त्यांच्याकडे कपाशी होती, केळी होती, म्हशी होत्या. आणि आमच्या दुकानातून त्यांनी इतके फवारणी पंप नेले होते, की तेवढ्यात अख्खा तालुका फवारून झाला असता. सॉफ्टवेअरने आपणहून त्यांना 'विशेष ग्राहक' ठरवलं आणि अभिनंदनाचा मेसेज धाडला.

खरी गोष्ट अशी, की ते एक नाना नव्हतेच. निरनिराळ्या गावांतले बरेच नाना होते आणि सॉफ्टवेअरने ते एकत्र करून एक मोठा नाना तयार केला होता.

यात सॉफ्टवेअरची काही चूक होती असं मला वाटत नाही. जळगावचं आमचं दुकान फवारणी पंप, पाण्याच्या मोटारी आणि चारा कापायच्या कडबाकुट्ट्या विकतं. दुकान शेठजींचं, पण ऑफिस चालवतात त्यांच्या सूनबाई. त्यांना आम्ही सगळे भाभी म्हणतो. कोणी काय घेतलं, कधी घेतलं, पुन्हा कधी भेटायचं, हे सगळं एका जागी असावं म्हणून भाभींनी हे सॉफ्टवेअर आणलं. फिरतीवरच्या प्रत्येक विक्रेत्याने संध्याकाळी मोबाइलवर त्या दिवसाची नोंद भरायची असा नियम झाला. पहूर, सावदा या बाजूची नोंद रोजच्या रोज भरली जायची आणि पडद्यावर ती हिरवी दिसायची. धुळ्याची बाजू मात्र कायम लाल.

धुळ्याची बाजू भाऊंची. भाऊ म्हणजे आमचे सर्वांत जुने विक्रेते. धुळ्यातच घर, मोटारसायकलवर फिरती, आणि गावागावांत ओळख. नोंद ते भरायचे, नाही असं नाही. सॉफ्टवेअरमध्ये काही रकान्यांपुढे लाल चांदणी असते. चांदणी असली की तो रकाना रिकामा ठेवून पुढे जाता येत नाही. नावापुढे चांदणी, मोबाइल नंबरापुढे चांदणी, जन्मतारखेपुढेसुद्धा. भाऊंनी या चांदण्यांवर आपला उपाय शोधला होता. नाव : नाना, फार तर आबा. मोबाइल : स्वतःचाच. जन्मतारीख : शाळेच्या दाखल्यावर निम्म्या महाराष्ट्राची असते ती, एक जून. 'बोलणं कुठवर आलं' या रकान्यात सगळ्यांना एकच शब्द : देखसूत. म्हणजे बघू.

नाव सारखं, नंबर सारखा, जन्मतारीख सारखी. सॉफ्टवेअरने काय समजायचं? त्याने सगळे नाना एकात घातले आणि नोंदी अपुऱ्या म्हणून लाल ठेवल्या. अभिनंदनाचा तो मेसेजही भाऊंच्याच मोबाइलवर आला होता. भाऊंना वाटलं, दुकानाने आपलंच कौतुक केलं. त्यांनी घरी दाखवलाही.

मी तिथे लागलो तो ऑन जॉब ट्रेनिंगसाठी. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला ते करावंच लागतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील अमळनेरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहेत. मी ऑफिसात बसणार म्हटल्यावर आईने इस्त्रीचे दोन शर्ट पिशवीत घातले आणि एकच सांगितलं, "मोठ्या माणसांना उलटसुलट प्रश्न विचारत बसू नको." मी मान हलवली. ऑफिसात गेल्यावर कळलं, की मोठ्या माणसांना प्रश्न विचारणं हेच माझं काम आहे.

सुरुवात झाली ती एका पात्यावरून. साक्रीच्या बाजूच्या एका नानांच्या कडबाकुट्टीचं पातं मोडलं. त्यांनी भाऊंना फोन केला, भाऊंनी ऑफिसात सांगितलं, "नानांना पातं पाठवा." ऑफिसने सॉफ्टवेअरमध्ये नाना उघडले. त्या मोठ्या नानांच्या पत्त्यात सर्वांत वर अमळनेरजवळचं गाव होतं. पातं तिकडे गेलं. तिथल्या नानांकडे कडबाकुट्टीच नव्हती, एक फवारणी पंप तेवढा होता. पण घरपोच आलेली वस्तू त्यांनी ठेवून घेतली. परत मागितली तर म्हणाले, "तुमीच दिधं ना? मंग आते परत कसाले?"

इकडे साक्रीचे नाना विळ्याने चारा कापत बसले होते. तिसऱ्या फोनला त्यांचा सूर बदलला. तो फोन मी घेतला होता.

"काय हो, तुमनं पातं पायी पायी येई राहिनं का?"

मी म्हणालो, "सर, चौकशी करतो." नानांना कोणी सर म्हटलेलं बहुधा आवडलं नसावं, त्यांनी फोन ठेवला.

भाभींनी भाऊंना जळगावला बोलावून घेतलं. मी शेजारच्याच टेबलावर होतो, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"भाऊ, हे आबा कोण?" भाभींनी पडद्यावर बोट ठेवलं.

"आबा? आबा ना... आपले आबा."

"आडनाव?"

"भाभी, त्या गावात बठ्ठ्यांचं, सगळ्यांचं आडनाव एकच आहे. लिहून उपयोग नाही."

"मग नाव सांगा."

भाऊंनी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने पडद्यात डोकं घातलं.

"नाव म्हणजे... आबाच म्हणतात त्यांना."

"पाळण्यात घातलं तेव्हा पण आबाच म्हणत होते का?"

भाऊ हसले. भाभी हसल्या नाहीत. त्या तशा कधी कोणावर ओरडत नाहीत, त्यामुळे त्या शांतपणे बोलल्या की जास्त भीती वाटते. त्या म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत धुळ्याची यादी पूर्ण हिरवी पाहिजे. नाही झाली तर धुळं आपण इथून फोनवर चालवू. तुम्ही काउंटरला बसा. उन्हात फिरायचं वय पण राहिलं नाही आता तुमचं."

शेवटचं वाक्य त्या काळजीनेच बोलल्या असाव्यात. पण भाऊंचा चेहरा असा झाला, की जणू कोणी त्यांच्या मोटारसायकलची किल्लीच काढून घेतली.

नंतर चहाच्या टपरीवर ते मला म्हणाले, "कॉलेज, मी काउंटरला बसलो तर संपलो." मी कॉलेजात जातो हे कळल्यापासून ते मला कॉलेजच म्हणत. "रोज एसटीने धुळ्याहून यायचं, दिवसभर नटबोल्ट मोजून द्यायचे, पुन्हा एसटीने जायचं. अन् पंख्याखाली मला झोप लागते. झोपलेल्या माणसाला कोण ठेवील?"

मी धीर करून विचारलं, "भाऊ, पण तुम्ही नाव विचारलं का नाही कधी?"

"पहिल्या दिवशी राहून गेलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी जेवू घातलं. आता ज्याच्या घरी पाटावर बसून शेवभाजी खाल्ली, त्याला 'तुमचं नाव काय' कसं विचारायचं? अन् पुढं तर त्यांच्या पोरीच्या लग्नाला जाऊन आलो."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर आमच्या गल्लीतल्या निम्म्या आबांची नावं मलाही ठाऊक नाहीत. पण साक्रीच्या नानांचा तो फोन मीच घेतला होता, त्यामुळे भाभींचं म्हणणंही पटत होतं. दोन्ही बाजू पटणं हे ऑफिसात काही उपयोगाचं नसतं, हे मला तिथेच कळलं.

भाभींनी धुळ्याची यादी माझ्याकडे दिली. भाऊंना ऑफिसात बसवून त्यांच्या मोबाइलमधून खरे नंबर घ्यायचे आणि फोन करून नावं विचारायची. भाऊंच्या मोबाइलमध्ये माणसं अशी साठवलेली होती : नाना म्हैस. नाना विहीर. आबा पांढरी मिशी. आबा कुत्रा. हे शेवटचं वाचून मी दचकलो. भाऊ म्हणाले, "त्यांच्याकडे कुत्रा चावरा आहे. फोन करताना लक्षात राहावं म्हणून."

पहिला फोन मी नाना विहीर यांना लावला. आदल्या दिवशी वाक्य पाठ केलं होतं. "नमस्कार. आपलं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि गाव सांगता का?"

पलीकडून, "ओटीपी बी सांगू का?"

"नाही नाही, ओटीपी नको, फक्त..."

फोन बंद. थोड्याच वेळात भाऊंचा फोन वाजला. नाना विहीरच बोलत होते, आवाज मला टेबलापर्यंत ऐकू येत होता. "भाऊ, सावध राहा. तुमना नाववर कोणी भामटा फोन करी राहिना. बोलाले एकदम गोड शे." भाऊंनी माझ्याकडे पाहत म्हटलं, "हो नाना, बरं झालं सांगितलं. मी पोलिसात कळवतो."

दुपारी एका घरी फोन बाईंनी उचलला. भाऊंच्या मोबाइलमध्ये त्या 'अक्का कडबाकुट्टी' होत्या. मी आधीच सांगून टाकलं, की मी दुकानातून बोलतोय, ओटीपी नको, बँक नको, फक्त घरच्या मालकांचं नाव हवं. अक्का मागे कोणाशी तरी कुजबुजल्या, हसण्याचा आवाज आला. माझ्या लक्षात आलं, की त्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आमची आईही घेत नाही. रेशनच्या दुकानात वडिलांचं नाव विचारलं की ती मला पुढे करते. मी म्हणालो, "राहू द्या अक्का, मी नंतर करतो." तर त्या म्हणाल्या, "थांब रे भाऊ, लिख." आणि फोनवर खणखणीत उखाणा आला :

"कडबाकुट्टी फिरस गरगर,
अमुकरावस्नं ध्यान नही घरवर!"

अमुकच्या जागी नाव होतं, ते मी चटकन टाइप केलं. पलीकडे बायकांचा हशा पिकला. इकडे भाऊ टेबलावर हात आपटत होते. भाभी आतून विचारत होत्या, "काय झालं?" मी सांगितलं, "एक नोंद पूर्ण झाली."

पण असे उखाणे रोज मिळणार नव्हते. आठवडा गेला आणि धुळं लालच राहिलं. शेवटी भाभींनी मला भाऊंबरोबर धुळ्याला धाडलं.

मोटारसायकलवर मागे बसून मी सगळी वाट आईचं वाक्य आठवत होतो. भाऊंनी बेत ठरवला होता. "तू नवा आहेस. तू विचारलं तर कोणाला काही वाटणार नाही. मी तोवर म्हशी पाहत उभा राहील. अन् सरळ नाव विचारू नको. स्पेलिंग विचार. म्हणजे नाव आपल्याला माहीत आहे, फक्त इंग्रजीत लिहायचं आहे, असं वाटेल."

बेत चांगला वाटला. पहिलं घर साक्रीच्या बाजूचं, पात्यावाल्या नानांचंच. नवीन पातं आम्ही बरोबर नेलं होतं. नानांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, बसायला खाट दिली, पाणी दिलं. भाऊ लगेच गोठ्याकडे गेले. मी मोबाइल काढला.

"नाना, जरा तुमच्या नावाचं स्पेलिंग सांगता का?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "स्पेलिंग तू सांग. शिकेल तू शे का मी?"

गोठ्यातून भाऊंच्या खोकल्याचा आवाज आला. मी म्हणालो, "म्हणजे... सुरुवातीचं अक्षर कोणतं लिहू?"

"मना नावनं सुरुवातनं अक्षर तुले माहीत नही?"

मला घाम फुटला. उन्हाने फुटला असं नंतर मी भाऊंना सांगितलं. नाना उठले आणि गोठ्याच्या दिशेने ओरडले, "भाऊ! इकडे ये. तुले मनं नाव माहीत नही का?"

भाऊ म्हशीमागून बाहेर आले. "नाना, ही म्हैस पाचव्या वेताची का हो?"

"म्हैसनं राहू दे. नाव सांग मनं."

भाऊ उभे राहिले. मोटारसायकलवर येताना एवढं बोलणारा माणूस, आता पायाने माती उकरत राहिला. मला वाटलं, झालं, इथेच धुळं गेलं. आता नाना बोलणं टाकतील, ते गावभर होईल आणि भाऊ काउंटरला बसतील.

नानांनी बंडीच्या खिशातून मोबाइल काढून माझ्याकडे दिला. "यामा भाऊनं नाव काढ."

मी शोधू लागलो. भाऊंचा नंबर मला पाठ झाला होता, तो टाकला. पडद्यावर आलं : पंपवाला.

"वाच मोठ्याने," नाना म्हणाले.

"पंपवाला."

"पोरगानी टाकेल शे ते. त्यानी माले इचारं, भाऊनं नाव काय? मी सांगं, पंपवाला लिख. माले बी कोठे माहीत शे!" आणि नाना असे हसायला लागले, की खाट करकरली. भाऊंना आधी कळेना हसावं की नाही. मग तेही खाटेवर बसले आणि दोघं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसत राहिले. आतून नानांच्या घरच्या डोकावून गेल्या.

हसून झाल्यावर मात्र दोघंही एकदम गंभीर झाले. नानांनी टोपी सारखी केली आणि आपलं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. सोयरीक ठरवायला बसलेली माणसं सांगतात तसं. भाऊंनी नकळत हात जोडले आणि आपलं नाव सांगितलं, तेही वडिलांच्या नावासकट. मला ते ऐकताना का कोण जाणे, फार बरं वाटलं. इतकं, की मी लिहायचंच विसरलो. नानांना पुन्हा एकदा विचारावं लागलं.

"याले ठेवू नका दुकानमा," नाना भाऊंना म्हणाले.

त्यानंतर काम सोपं झालं. म्हणजे माझ्यासाठी फारसं उरलंच नाही. भाऊंची भीड अशी मोडली, की गाडी उभी करायच्या आधीच ते ओरडायचे, "आबा, इतकी वर्षं झाली, मला तुमचं नाव माहीत नाही! तुम्हाला माझं आहे का?" बहुतेकांना नव्हतं. आबा कुत्रा यांनी तर आपल्या नावाबरोबर कुत्र्याचंही सांगितलं. तेवढ्यात कुत्र्याने माझी पँट धरली होती, म्हणून मी ते लिहू शकलो नाही.

अक्का कडबाकुट्टींच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. मी त्यांना नोंद दाखवली, ग्राहक म्हणून त्यांच्या मालकांचं नाव लिहिलेली. अक्कांनी विचारलं, "मशीन कोणी लिधं? दुकानमा कोण उनं होतं?" भाऊ म्हणाले, "तुम्ही आल्या होत्या अक्का." "चालाडस कोण?" "चालवता पण तुम्हीच." "मंग मनं नाव लिख ना. त्यास्नं सांगाले उखाणा लागस, मनं सांगाले काय बी लागत नही." मालक ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "लिख रे भाऊ, माले बी ते मशीन येत नही." मी जुनं नाव खोडून अक्कांचं टाकलं.

परत येताना एका टपरीवर भाऊंनी चहावाल्यालाही त्याचं नाव विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अन् तुझं रे, कॉलेज?" मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. "चांगलं आहे," म्हणाले. "चल कॉलेज, उशीर झाला."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी यादी जवळजवळ हिरवी झाली होती. एकच नोंद राहिली, आबा पांढरी मिशी. ते सुरतला मुलाकडे गेले होते, घराला कुलूप, फोन लागत नव्हता. शेजारी विचारलं तर शेजारीही म्हणाले, आबा. त्या गल्लीत चार घरं विचारली, चारही घरांत आबा.

मी भाऊंना हळूच म्हणालो, "तात्पुरतं काहीतरी नाव टाकू का? चांदणी जाईल." मला वाटलं ते हो म्हणतील. एके काळी चांदणी घालवण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. भाऊंनी त्या लाल ओळीवर बोट ठेवलं. "नको," म्हणाले. "उद्या त्यांचं पातं दुसऱ्याकडे जाईल. चल, भाभींना आहे तसंच सांगू."

भाभींनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. जन्मतारखा आता सगळ्या एक जून नव्हत्या, त्यामुळे त्या कुठे थांबल्या नाहीत. मग त्या एका लाल ओळीवर आल्या.

"हे आबा?"

"सुरतला आहेत भाभी. फोन लागत नाही."

"लागत नाही की लावला नाही?" असं म्हणून भाभींनी स्वतःच्या मोबाइलवरून नंबर फिरवला. आणि तो लागला. भाऊ खुर्चीच्या टोकावर सरकले. मी मोबाइल उघडून तयार बसलो, या वेळी विसरायचं नाही असं ठरवून.

"नमस्कार, मी जळगावच्या दुकानातून... हो, शेठजींची सून... हो आबा, बरे आहेत ते... गुडघे दुखतात जरा... नाही आबा, धाकटी शाळेत जाते आता... हो का? नातू झाला? अरे वा, अभिनंदन आबा... सुनेला जपा... नाही नाही, जेवायला नक्की येईन... शेवभाजी? खाते ना आबा, तिखट पण खाते... हो... हो आबा... नमस्कार, आबा."

त्यांनी फोन ठेवला. चेहऱ्यावर हसू होतं. पंखा फिरत होता. मग मला राहवलं नाही, कारण बोट रकान्यावरच होतं.

"भाभी, नाव?"

भाभींचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी मोबाइलकडे पाहिलं, मग भाऊंकडे. "ते एवढ्या मायेने बोलत होते," त्या म्हणाल्या. "मध्येच कसं विचारायचं?"

भाऊंनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते, पण आवाज मात्र त्यांनी येऊ दिला नाही. याबद्दल मला त्यांचा आदर वाटला.

भाभींनी यादी बंद केली. "धुळ्याला तुम्हीच जा भाऊ," त्या म्हणाल्या. "पण आबा सुरतहून आले, की पहिलं त्यांच्या घरी. अन् जेवायच्या आधी विचारा."

"जेवायच्या आधीच विचारतो," भाऊ म्हणाले. ते उठले, मला डोळ्यानेच चहाला चल म्हणाले आणि दारापर्यंत गेले. तिथून परत फिरले.

"भाभी, काउंटरच्या खुर्चीवर आता कोणाला तरी बसवूनच टाका. रिकामी दिसली की मला भीती वाटते."